खाली सही कोणाची?

तीस वर्षांनंतरही बरोबर आपापला जुना बाक शोधून त्यावरच बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि सांगितलंय, ‘तू आयटीतली आहेस, तर आयटीवर काहीतरी बोल, पण आम्हाला कळेल असं बोल.’ दुसरी अट अवघड आहे, पण प्रयत्न करते. शेवटच्या बाकावरच्यांनी मध्येच उठून चहाला गेलं तरी चालेल. तेव्हाही तुम्ही जातच होता.

सुरुवात एका माफीनं करायची आहे. गेल्या नोव्हेंबरात आपण या मेळाव्यासाठी एक छोटीशी वेबसाइट केली. नावनोंदणी, जेवायला किती जण, शाळेच्या ग्रंथालयासाठी देणगी आणि जुने फोटो, एवढंच तिच्यात होतं. काम माझ्याकडे होतं. आठवडाभरात ग्रुपवर तक्रारी यायला लागल्या, ‘उघडत नाही’, ‘नुसतं गोल गोल फिरतंय’. माझ्याकडे तर ती झटकन उघडत होती. म्हणून मी सगळ्यांना एकच उत्तर देत राहिले, ‘राउटर बंद करून चालू करा.’ दोघांना तर मी चक्क ‘जरा फोन नवीन घ्या’ असंही ऐकवलं. त्या सगळ्यांची आज जाहीर माफी मागते. दोष तुमच्या फोनचा नव्हता.

सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते आपल्या मराठीच्या बाईंचं. बाईंनी तीन संध्याकाळी प्रयत्न केला. मग आपलाच फोन बिघडला असं समजून त्या बाजारपेठेतल्या दुकानात घेऊन गेल्या. दुकानदारानं तो पार कोरा करून परत दिला, आणि नातीच्या बारशाचे फोटो गेले. हे बाईंनी मला रागानं नाही सांगितलं. ‘अगं, मलाच काही जमत नाही आता,’ असं म्हणाल्या. बाई, तुम्हाला सगळं नीट जमत होतं. तुमच्या वाटेत कोणीतरी गुपचूप दार लावून ठेवलं होतं, आणि दारावर पाटी लावली नव्हती. आजचं माझं बोलणं त्या पाटीबद्दलच आहे.

आधी दार कसं लावतात ते सांगते. प्रत्येक वेबसाइटला दोन ओळखी असतात. एक नाव, जे आपण टाइप करतो, आणि दुसरा आकड्यांचा पत्ता, जो यंत्रांना लागतो. नावावरून पत्ता शोधून देणारी एक डिरेक्टरी असते, तिला डीएनएस म्हणतात. साइट बंद करायचा पहिला मार्ग म्हणजे या डिरेक्टरीनं खोटं सांगायचं, ‘असं कोणी इथं राहतच नाही.’ दुसरा मार्ग म्हणजे त्या आकडी पत्त्याकडे जाणारा रस्ताच बंद करायचा. तिसरा मार्ग म्हणजे जाणारं प्रत्येक पाकीट चाळायचं. आजकाल पाकिटं सीलबंद असतात, आतला मजकूर वाचता येत नाही. पण वर कोणाकडे चाललंय ते नाव बहुतेक वेळा उघडं असतं. ते नाव यादीत असलं की पाकीट टाकून द्यायचं.

दुसऱ्या मार्गात एक गोम आहे. स्वस्तात जागा घेणाऱ्या शेकडो वेबसाइट एकाच आकडी पत्त्यावर राहतात, चाळीत बिऱ्हाडं राहावीत तशा. एका बिऱ्हाडाबद्दल तक्रार आली म्हणून कोणी चाळीचाच दरवाजा बंद केला, तर बाकीची बिऱ्हाडंही अडकतात. आपली साइट अशाच एका चाळीत होती, कारण आपलं बजेट तेवढंच होतं. वेगवेगळ्या गावांतल्या सहा मैत्रिणींना मी तपासायला सांगितलं. एका कंपनीच्या इंटरनेटवर ती कुठंही उघडत नव्हती, बाकीच्यांवर सगळीकडे उघडत होती. मग आपली साइट मी दुसऱ्या, स्वतंत्र पत्त्यावर हलवली. महिन्याला काहीशे रुपये जास्त पडले, आणि त्याच दिवशी ती त्या कंपनीच्या ग्राहकांकडेही सुरू झाली.

मधल्या तीन आठवड्यांत मी काय केलं, तर विचारत फिरले. इंटरनेट कंपनीच्या मदत केंद्रावरची मुलगी म्हणाली, ‘मॅडम, आमच्याकडून सगळं ठीक दिसतंय.’ तिच्या वरचा म्हणाला, ‘बंद असेल तर सरकारी आदेशानं असेल.’ कुठला आदेश? ‘तो गोपनीय असतो.’ सरकारी कार्यालयाला माहिती अधिकारात विचारलं, तर माहिती देता येत नाही असं उत्तर आलं. जिथं साइट ठेवली होती ते म्हणाले, ‘आमचा सर्व्हर उत्तम चालू आहे.’ प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर होता. माझ्याकडे चार उत्तरं जमली, आणि त्यांतल्या एकाखालीही ‘हे मी बंद केलं’ असं लिहिलेलं नव्हतं.

मला राग आला. आणि रागाच्या मागोमाग एक जुनी आठवण आली, जी मी आजवर फारशी कोणाला सांगितलेली नाही.

११ जुलै २००६. मुंबईच्या पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, एका इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीत पाळीवर काम करत होते. दोन-तीन दिवसांत दूरसंचार खात्याकडून बंद करायच्या पत्त्यांची यादी आली. यादी लहान होती, पुरते वीस पत्तेही नसतील. त्यांत काही ब्लॉग होते, ब्लॉगस्पॉट या सेवेवरचे. पंचाईत अशी की आमच्या यंत्रणेत तेवढेच ब्लॉग वेगळे काढून बंद करायची सोय नव्हती. मी वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, ‘सगळंच बंद कर. चूक झालीच तर जास्तीची होऊ दे, कमीची नको.’ मी ती ओळ टाइप केली, एंटर दाबलं आणि डबा खायला गेले.

असं फक्त आमच्याकडे झालं नाही. देशातल्या अनेक कंपन्यांनी तेच केलं, आणि ब्लॉगस्पॉटवरचे सगळे ब्लॉग असंख्य लोकांना दिसेनासे झाले. पाककृती लिहिणारे, कविता लिहिणारे, सगळेच त्यात आले. मुंबईत कोण कुठल्या रुग्णालयात आहे, मदतीसाठी कुठं फोन करायचा, याची माहिती स्वयंसेवक एका ब्लॉगवर गोळा करत होते. तो ब्लॉगही त्याच सेवेवर होता. आठवड्याभरात ओरड झाली, सांगितलेलेच पत्ते बंद करा असं सरकारनं कंपन्यांना बजावलं, आणि मी ती ओळ पुसली. मला कोणी काही विचारलं नाही. माझ्या वरिष्ठांनाही नाही. त्या आठवड्यात त्या ब्लॉगवर कोणी आपला माणूस शोधायला गेलं असेल का, हा प्रश्न मला त्या वेळी पडलासुद्धा नाही. पडायला वीस वर्षं आणि बाईंचा एक फोन लागला.

म्हणून मी आज जे बोलते आहे ते नुसतं दुसऱ्याकडे बोट दाखवून नाही.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६९अ हे कलम आहे. देशाची सुरक्षा, सार्वभौमत्व, सार्वजनिक सुव्यवस्था अशा ठरावीक कारणांसाठी केंद्र सरकार एखादी माहिती बंद करायला सांगू शकतं. त्याचे नियम २००९ साली झाले. त्यांत एक समिती आहे, कारणं लेखी द्यायची आहेत, ज्यानं ते प्रसिद्ध केलं त्याला शक्यतो शोधून बोलवायचं आहे. न्यायालयंही साइट बंद करायचे आदेश देतात, नव्या सिनेमांच्या चोरीच्या बाबतीत तर नेहमीच. २०१५ च्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ६६अ हे कलम रद्द केलं, पण ६९अ कायम ठेवलं. का, तर यात कारणं लेखी असतात, आणि ज्याला मान्य नसेल त्याला त्यांना आव्हान देता येतं.

कागदावर हे चांगलं आहे. अडचण त्याच नियमावलीतल्या सोळाव्या नियमात आहे. तो सांगतो की तक्रारी आणि त्यावरची कारवाई काटेकोरपणे गोपनीय ठेवायची. कारणं लेखी आहेत, पण आपल्याला वाचता येत नाहीत. आव्हान देता येतं, पण कशाला द्यायचं तो कागदच मिळत नाही.

दुसरी अडचण कंपनीच्या बाजूची. आदेश पाळला नाही, तर या कलमाखाली सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. पण आदेशापेक्षा जास्त बंद केलं, तर त्याच कलमात कसलीही शिक्षा नाही. आपल्यातलाच एक जण तालुक्यात इंटरनेटची कनेक्शनं देतो, तो इथं बसलाय. काल रात्री जेवताना मी त्याला विचारलं, ‘तू काय करतोस रे?’ तो म्हणाला, ‘मेल येते. मी यादी टाकतो. वाचत बसलो आणि एखादं राहिलं तर माझं लायसन्स जाईल. जास्तीचं बंद झालं तर एक-दोन गिऱ्हाइकं ओरडतील.’ त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. मी केलंच होतं.

याचे परिणाम आपण वेळोवेळी पाहिलेत. २०१४ च्या डिसेंबरअखेर बत्तीस साइट बंद झाल्या. आदेश मुंबईतल्या न्यायदंडाधिकाऱ्यांचा होता, कारण दहशतवादी मजकुराचं होतं. पण त्या यादीत गिटहब होतं, जिथं जगभरचे प्रोग्रामर आपलं काम ठेवतात. मजकूर काही पानांवरचा होता, पण दार सगळ्यांसाठी बंद झालं. पुढं हळूहळू ते उघडलं.

२०२२ साली व्हीएलसीची पाळी आली. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी सिनेमे बघायला वापरलेला तो नारिंगी शंकूचा प्लेअर. फेब्रुवारीपासून त्यांची साइट भारतात उघडेना. ती बनवणारी संस्था फ्रान्समधली, तिलाही कोणी कळवलेलं नव्हतं. अखेर त्यांनी सरकारला कायदेशीर नोटीस दिली आणि आदेशाची प्रत मागितली. नोव्हेंबरात बंदी उठली.

एक प्रकरण मला जास्त जवळचं वाटतं. तनुल ठाकूर या पत्रकारानं ‘डाउरी कॅल्क्युलेटर’ नावाची साइट केली होती. नवरदेवाची पदवी, नोकरी, पगार भरायचा, आणि ती हुंड्याचा आकडा सांगायची. हुंड्याची टिंगल होती ती! २०१८ मध्ये ती बंद केली गेली. त्याला ना नोटीस, ना आदेशाची प्रत. तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला, आणि मे २०२२ मध्ये न्यायालयानं सांगितलं की त्याला आदेशाची प्रत द्या आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्या. स्वतःच्या वेबसाइटवर कोणता आरोप आहे, एवढं कळायला माणसाला चार वर्षं आणि उच्च न्यायालय लागलं.

आणि बंद तरी एकसारखं होतं का? बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेच्या अभ्यासकांनी सहा मोठ्या कंपन्यांची तपासणी केली. बंद सापडलेल्या साइट चार हजारांच्या घरात होत्या. त्यांतल्या सहाही कंपन्यांवर बंद असलेल्या साइट जेमतेम पाव भागाच्या आसपास निघाल्या. देश एक, कायदा एक, आणि काय बंद आहे ते तुम्ही कुठलं सिम घेतलंय त्यावर ठरतं.

आता, आपल्या वर्गातला एक जण पोलीस अधिकारी आहे आणि मघापासून तो माझ्याकडे डोळे बारीक करून बघतोय. त्याचं म्हणणं मला माहीत आहे. दंगल पेटवणारा व्हिडिओ, लहान मुलांवरच्या अत्याचाराची चित्रं, म्हाताऱ्या माणसांची पेन्शन लुबाडणारी खोटी बँकेची साइट, ही बंद करायची नाहीत का? करायचीच. लगेच करायची. मी बंदी नको असं म्हणत नाहीये. बंदी घालणाऱ्यानं खाली सही करावी, एवढंच म्हणते आहे.

आणि हे मी कुठल्या परदेशी पुस्तकात वाचलेलं नाही. या इमारतीत शिकले आहे.

नववीत आपलं भित्तिपत्रक होतं, जिन्याजवळच्या फळ्यावर. आठवतंय? आपल्यातल्या एकीनं पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर लिहिलं होतं. टाकीत काय काय तरंगतं, याचं फारच चित्रदर्शी वर्णन होतं. तपासणीसाठी साहेब येणार होते. मुख्याध्यापक सरांनी तो लेख काढायला सांगितला. आपण मधल्या सुट्टीत गेलो तर तिथं रिकामी जागा नव्हती. बाईंनी बरोब्बर त्या चौकोनात एक चिठ्ठी टाचली होती. तीन ओळींची. ‘येथील लेख मुख्याध्यापकांच्या सूचनेवरून काढला आहे. कारण, भाषा अनुचित. हरकत असल्यास लेखिकेने माझ्याकडे यावे.’ आणि खाली बाईंची सही, तारखेसकट.

सर बाईंवर रागावले होते म्हणे. लेख काढला हे जगाला कशाला सांगायचं? पण त्या चिठ्ठीमुळे ती मुलगी बाईंकडे गेली, बाई तिला घेऊन सरांकडे गेल्या, दोन शब्द बदलले, आणि साहेब येऊन गेल्यावर लेख परत लागला. टाकीसुद्धा दिवाळीच्या सुट्टीत धुतली गेली. चिठ्ठी नसती तर आपण समजलो असतो की वाऱ्यानं कागद उडाला. आणि तिनं परत कधी लिहिलं नसतं.

मित्रहो, इंटरनेटवर आज हेच होतंय, कागद वाऱ्यानं उडाल्यासारखा दिसतो. पूर्वी निदान ‘दूरसंचार विभागाच्या आदेशावरून बंद’ असं एक वाक्य पडद्यावर यायचं. आता बहुतेक साइट सीलबंद पाकिटातून चालतात, त्यामुळे वाटेत पाकीट अडवणाऱ्याला आपली चिठ्ठी आत घालता येत नाही. ग्राहकाला दिसतं ते फक्त ‘कनेक्शन होऊ शकले नाही’. म्हणून बाई फोन दुकानात घेऊन जातात, आणि मी तुम्हाला राउटर बंद करायला सांगते. यंत्राची ही मर्यादा बंद करणाऱ्याच्या चांगलीच पथ्यावर पडते.

मग चिठ्ठी लावायची कुठं? उपाय आहेत. वेब चालवणाऱ्या नियमांमध्ये २०१६ पासून ४५१ असा एक संदेश क्रमांक आहे. अर्थ, ‘हे पान कायदेशीर कारणानं दाखवता येत नाही’. कोणी आणि कुठल्या कायद्यानं, हेही त्याबरोबर सांगावं अशी त्यात अपेक्षा आहे. पुस्तकं जाळण्यावरच्या रे ब्रॅडबरीच्या कादंबरीच्या नावातला हा आकडा आहे. तो संदेश जिथं दाखवता येत नाही, तिथं कंपनीनं आपल्या स्वतःच्या साइटवर यादी लावावी. काय बंद आहे, कोणाच्या आदेशानं, कधीपासून. आपल्या मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०१६ मध्ये एका सिनेमाच्या चोरीच्या प्रकरणात याच दिशेचा आदेश दिला होता. सरसकट अख्ख्या साइट बंद करायला त्यांनी नकार दिला. जे बंद होईल तिथं दाव्याचा तपशील आणि तक्रार कुठं करायची ते दिसलं पाहिजे, असंही सांगितलं. कंपन्यांनी तांत्रिक अडचणी मांडल्या. मी इंजिनीअर आहे, तांत्रिक अडचणी खऱ्या असतात हे मला माहीत आहे. पण बंद करताना ज्या अडचणी आपण रातोरात सोडवतो, त्या सांगताना मात्र सुटत नाहीत, हे मला पटत नाही.

आणि जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की एखाद्या भागातलं इंटरनेट बंद करायचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत. अख्खा जिल्हा बंद करायचा आदेश जर जाहीर करता येतो, तर एक वेबसाइट बंद करायचा का येऊ नये? काही आदेश खरोखर गुप्त ठेवावे लागतील. ते अपवाद असावेत, आणि तेही काही मुदतीपुरते.

माझ्या मागण्या तीनच आहेत. आदेश देणाऱ्याची सही दिसावी. जास्तीचं बंद करणाऱ्यालाही जाब विचारला जावा, नुसतं कमी करणाऱ्याला नको. आणि प्रत्येक बंदीला शेवटची तारीख असावी, म्हणजे कोणीतरी ती फाइल परत उघडून बघेल.

तुम्ही काय करू शकता? साइट उघडली नाही तर आधी दुसऱ्या कंपनीच्या नेटवर बघा. तिथं उघडली, तर फोन दुकानात नेऊ नका. कंपनीकडे तक्रार करा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या, तो द्यावाच लागतो. उत्तर पटलं नाही, तर त्याच कंपनीत वरचा अपील अधिकारी असतो, त्याला लिहा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. नकार आला तरी तो लेखी असतो, आणि त्याच्याखाली कोणाची तरी सही असते! तिथून पुढचं आपल्या वर्गातली वकीलीणबाई बघेल. तिनं काल माझ्याकडून फी न घेण्याचं कबूल केलंय, साक्षीदार भरपूर आहेत.

मी माझ्यापुरतं एक केलं आहे. आता माझ्या टीममध्ये काहीही बंद करायची वेळ आली, एखाद्याचं खातं असो वा एखादं पान, तर त्या ओळीच्या शेजारी करणाऱ्याचं नाव, कारण आणि परत कधी बघायचं ती तारीख लिहिल्याशिवाय ती पुढं जात नाही. नवी मुलं कुरकुरतात. ‘मॅडम, एवढं कशाला?’ म्हणतात. मी त्यांना भित्तिपत्रकाची गोष्ट सांगते.

जुलै २००६ मधल्या त्या ओळीशेजारी कोणाचंच नाव नव्हतं. ती ओळ मी लिहिली होती. वीस वर्षं उशिरा का होईना, आज आपल्या बाईंच्या समोर मी तिच्याखाली सही करते आहे.